एका ब्रॅकेटचा इतिहास

मोटारीच्या आरसी बुकात इंजिनाचा क्रमांक असतो, चासीचा क्रमांक असतो, रंग, इंधन, आसनसंख्या, मालकाचे नाव आणि असलाच तर कर्ज देणाऱ्या बँकेचा शिक्का असतो. इंजिन बदलले किंवा पेट्रोलची गाडी गॅसवर नेली, तर आरटीओत जाऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. पण त्याच इंजिनावरचा डायनॅमो काढून तिथे अल्टरनेटर बसवला, तर कुठल्याच वहीत त्याची नोंद होत नाही. सरकारच्या दृष्टीने गाडी होती तशीच राहते. मुंबईच्या उपनगरांतल्या गॅरेजांत कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत हे काम वर्षानुवर्षे चालले, पण त्याचा कागद म्हणून कुठे उरला नाही. उरले ते लोखंड: वीतभर पट्टी, एक लांब बोल्ट, त्यावर चढवलेला नळीचा तुकडा आणि दोन-चार वायसर. हा लेख त्या लोखंडाविषयी आहे.

माझे लहानपण घाटकोपरला गेले. आमच्या चाळीसमोर रात्री एक फियाट टॅक्सी उभी असे. पावसाळ्यात पहाटे तिचे चालक चाळीच्या दारात येऊन आम्हा मुलांना हाक मारत, ''पोरांनो, जरा हात लावा रे!'' आम्ही पाच-सहा जण गाडी ढकलत उतारापर्यंत नेत असू. एक हिसका, सायलेन्सरमधून धुराचा लोट, आणि गाडी सुरू. दर चार-आठ दिवसांनी गाडीची बॅटरी दुकानात 'चार्जिंगला टाकलेली' असे आणि त्या दिवसापुरती भाड्याची बॅटरी गाडीत असे. बॅटरी खराब आहे असेच आम्ही समजत होतो. दोष बॅटरीचा नव्हता, ती भरणाऱ्या यंत्राचा होता, आणि खरे तर त्याचाही पुरता नव्हता, हे मला फार उशिरा कळले.

त्यासाठी आधी कुर्ल्याला जावे लागेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. तंत्रसाहाय्य अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचे होते. पहिली काही वर्षे इथे डॉज, डिसोटो, प्लिमथ या क्रायस्लर घराण्यातल्या गाड्या सुट्या भागांतून जोडल्या जात. मग इटलीतल्या तुरीनच्या फियाटशी करार झाला आणि 1954 पासून 'अकराशे' कुर्ल्यात येऊ लागली. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे हे इंजिन पुढे जवळजवळ अर्धशतक इथेच बनत राहिले. 1964 मध्ये गाडीचे नाव 'डिलाइट' झाले, सत्तरीत 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी'. नावे बदलली, जाळ्या बदलल्या, दिवे बदलले. इंजिन तेच राहिले, आणि त्याच्या कुशीत पट्ट्याने फिरणारा लांबट नळकांड्यासारखा डायनॅमोही तोच राहिला.

यात एक गंमत आहे. मोटारींत अल्टरनेटर सर्रास वापरायला ज्या कंपनीने सुरुवात केली, ती क्रायस्लरच. 1960 सालच्या तिच्या 'व्हॅलियंट' या छोट्या गाडीत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि वर्षभरात तो तिच्या सगळ्या गाड्यांत गेला. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्याला जन्मापासून ज्यांचा हात होता, त्यांच्याकडे हे यंत्र 1960 मध्ये होते. आणि कुर्ल्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटींवर डायनॅमो त्यानंतरही दोन दशकांहून अधिक काळ होता.

का? 'परवाना राज' हे एका शब्दातले उत्तर आपल्याकडे लगेच दिले जाते, पण त्याने फार काही कळत नाही. अल्टरनेटरला सिलिकॉनचे डायोड लागतात. साठच्या दशकात ते परदेशातून आणायचे तर परकीय चलन हवे, आणि परकीय चलनाची चणचण तर अशी की प्रत्येक भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम सरकारला दाखवावा लागे. तसा कार्यक्रम नव्हता म्हणून शिवडीला 1928 पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनेही पन्नाशीत गाशा गुंडाळला होता. डायनॅमो मात्र देशी होऊ लागला होता. 1961 मध्ये मद्रासजवळ पाडी इथे लुकास-टीव्हीएसचा कारखाना निघाला आणि मोटारींचे विजेचे सामान तिथे बनू लागले. जे देशात बनते ते सोडून जे आयात करावे लागते ते लावण्याचा उद्योग कोण करील? त्यात गाड्यांची किंमत सरकार ठरवी. रास्त किंमत किती, हा वाद प्रीमियरने थेट सर्वोच्च न्यायालयात नेला होता आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर निकालही लागला. जिथे किमतीतल्या एकेका रुपयाचा हिशेब न्यायालयात होतो, तिथे ग्राहकाने न मागितलेला महागडा भाग कारखाना आपणहून लावणार नाही. आणि ग्राहक मागणार तरी काय? तो बुकिंग करून वर्षानुवर्षे थांबलेला. गाडी मिळाली यातच तो खूश. माझ्या मते हे शेवटचे कारण सगळ्यांत मोठे आहे.

डायनॅमो वाईट यंत्र होते असे मात्र कोणी समजू नये. त्यात चुंबकक्षेत्राची गुंडाळी बाहेरच्या कवचात स्थिर असते आणि आत आर्मेचर फिरते. आर्मेचरमध्ये तयार झालेली सगळी वीज तांब्याच्या पट्ट्यांच्या कम्युटेटरवरून दोन कार्बन उचलतात. वीज पुरेशी तयार व्हायला आर्मेचर बऱ्यापैकी वेगाने फिरावे लागते. इंजिन मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेऊ लागले की चार्जिंग सुरू. त्याखाली डायनॅमो काही देत नाही, आणि उलट बॅटरीनेच त्याला फिरवू नये म्हणून 'कटाऊट' दोघांमधला संबंध तोडतो. मग पुली लहान करून त्याला जास्त वेगाने का फिरवू नये? कारण हायवेवर इंजिनाचा वेग वाढला की तेच आर्मेचर इतके फिरेल की गुंडाळी सुटून बाहेर येईल आणि कम्युटेटर खराब होईल. त्यामुळे मोठी पुली आणि मध्यम वेग यांवर तडजोड करावी लागते. लहान गाडीचा डायनॅमो जोरात असताना 16 ते 22 अँपिअर देई. रात्रीचे दिवे, इग्निशन कॉइल आणि वायपर मिळून त्यातले बहुतेक खाऊन टाकत.

हे गणित चालत्या गाडीसाठी होते. तुरीनच्या रस्त्यांवर, किंवा पन्नाशीतल्या मुंबईतही, गाडी एकदा सुटली की चालत राही. ऐंशीच्या दशकात लालबहादूर शास्त्री मार्गावर काय परिस्थिती होती? शीवपासून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडपर्यंत एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला वस्ती, आणि शिफ्ट सुटली की रस्ता माणसांनी भरलेला. पश्चिमेला अंधेरीत तेच. गाडी मिनिटभर चाले आणि पाच मिनिटे उभी राही. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांवर गुरगुरत असते. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटतो, हेडलाइट पिवळे पडतात, वायपर अर्ध्यावर रेंगाळतो. चालक पायाने अॅक्सिलरेटर दाबून धरतो, की दिवे पुन्हा पांढरे होतात. जुन्या टॅक्सीचालकांची सिग्नलला उगाच रेस करण्याची सवय उगाच नव्हती. तरीही पावसाळ्यातल्या रात्रपाळीत जमेपेक्षा खर्च जास्त व्हायचाच. पहाटे आमच्या चाळीसमोर आम्हाला हाक यायची ती या हिशेबातल्या तुटीपायी. गाडी तीच आणि यंत्रही तेच होते. बदलले होते शहर, ते अडकून पडायला शिकले होते. कुर्ल्यातल्या एका मिस्त्रींनी मला हेच त्यांच्या भाषेत सांगितले, ''डायनॅमो म्हंजे रनिंगचा माणूस. गाडी उभी राहिली की तो झोपला.''

अल्टरनेटरमध्ये सगळे उलटे आहे. चुंबक आत फिरतो आणि वीज बाहेरच्या स्थिर गुंडाळीत तयार होते. फिरत्या भागाला फक्त चुंबक जागा ठेवण्यापुरता दोन-तीन अँपिअरचा प्रवाह लागतो, तो गुळगुळीत कड्यांवरून जातो, त्यामुळे कार्बन वर्षानुवर्षे टिकतात. फिरता भाग मजबूत असल्याने पुली लहान करून त्याला इंजिनाच्या दुप्पट वेगाने पळवता येते, म्हणून इंजिन आयडलवर असतानाही चार्जिंग होते. तयार होणारी वीज एसी असते. डायोड तिची डीसी करतात आणि बॅटरीची वीज उलट जाऊ देत नाहीत. त्यामुळे कटाऊटची गरज उरत नाही. वजनाला हलका, लांबीला आखूड, पस्तीस-चाळीस अँपिअर सहज.

उपनगरात हे यंत्र हाती लागू लागले ते मुख्यतः 1983 नंतर. त्या वर्षीच्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली ती अल्टरनेटर घेऊनच. नव्या गाड्यांचे अपघात होतात, विमा कंपन्या त्या निकालात काढतात आणि त्यांचे भाग कुर्ल्याच्या भंगारात येतात. सीएसटी रोडच्या कडेला, कापडिया नगरच्या आसपास, इंजिने, दारे, काचा यांच्या ढिगांत अॅल्युमिनियमचे ते गोलमटोल डबे दिसू लागले. मिस्त्री लोकांनी ते उचलले आणि समोर फियाट उभी होती. आता प्रश्न एवढाच होता की जपानी घडणीचा डबा इटालियन इंजिनावर बसवायचा कसा? उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हते. प्रत्येक गॅरेजने ते आपापले शोधले, आणि म्हणूनच या कामाचा इतिहास एक नाही, शेकडो आहेत. मी पाहिलेली पद्धत सांगतो.

डायनॅमोला पुढच्या आणि मागच्या झाकणाला एकेक कान असतो. दोन कानांतले अंतर चांगले वीतभर. इंजिनाच्या ब्लॉकवरचा ब्रॅकेट त्याच अंतराचा. वर तिसऱ्या ठिकाणी वाकडी खाच असलेली पट्टी, जिच्यात बोल्ट सरकवून पट्टा ताणतात. अल्टरनेटरचे कान मात्र जवळजवळ, आणि अंग डायनॅमोपेक्षा जाड. तो जुन्या ब्रॅकेटमध्ये ठेवला तर मागे बोटभर फट राहते आणि बाजूने पोट ब्लॉकला टेकते. घाईच्या गॅरेजात काय करत? लांब बोल्ट आरपार घालून नट आवळत. फट मिटे, कारण ती मिटवायला अॅल्युमिनियमचा कान वाकलेला असे. आठ-पंधरा दिवसांत त्याला चीर जाई. एके दिवशी हायवेवर अल्टरनेटर निखळून पट्ट्याला लोंबकळे, पट्टा तुटे, त्याच पट्ट्यावरचा पाण्याचा पंप थांबे आणि इंजिन तापून बसे. अल्टरनेटर बसवण्याची बदनामी बहुतांशी या एका फटीमुळे झाली.

चांगला मिस्त्री फट मोजतो. तेवढ्या लांबीची जाड नळी लेथवर कापून घेतो, तिची दोन्ही तोंडे काटकोनात घासतो आणि बोल्टवर चढवतो. आता नट कितीही आवळा, ताण नळी घेते, कान घेत नाही. मग पुल्यांची रेषा. क्रँकची पुली, पंपाची पुली आणि अल्टरनेटरची पुली या तिन्ही एका पातळीत यायला हव्यात. एक सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी तीन पुल्यांच्या तोंडाला लावून बघायचे, आणि फरक असेल तितके वायसर नळीच्या या बाजूचे काढून त्या बाजूला घालायचे. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही पट्टा कुरतडतो. पट्ट्याच्या काळ्या भुकटीवरून मिस्त्री गाडी न उचलता सांगत की रेषा चुकली आहे.

शेवटी वरची पट्टी. जुनी पट्टी डायनॅमोच्या वळणाची; अल्टरनेटर वेगळ्या कमानीत फिरतो. पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, तो पाच-सहा मिलिमीटरच्या पात्यावर आखायचा, खाचेच्या जागी ओळीने भोके पाडायची आणि मधला भाग कानसीने काढायचा. पातळ पात्याची पट्टी इंजिनाच्या थरथरीने खाचेच्या टोकाशी तुटते, हे सगळ्यांनी स्वतःच्या खर्चाने शिकलेले. वेल्डिंगचा टाका मारायचा असेल तर ब्रॅकेट गाडीवरून उतरवूनच मारायचा. अल्टरनेटर जोडलेला असताना गाडीवर वेल्डिंग केले तर डायोड जळण्याची भीती. बॅटरीच्या तारा उलट लागल्या तरी तेच, क्षणात. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा बोटाच्या जाडीइतका, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर दबला की ताण बरोबर.

विजेचे काम त्या मानाने थोडके, पण त्यातही खाचाखोचा. जुनी तार वीस अँपिअरची. नव्या यंत्राला जाड तार हवी, नाहीतर ती तापते. लाल दिव्याची तार नीट जोडावी लागते, कारण अनेक अल्टरनेटरांना जागे होण्याचा पहिला प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो. दिवा उडाला की चार्जिंग बंद, आणि नवखा इलेक्ट्रिशियन सगळा अल्टरनेटर खोलून बसतो. कटाऊटचा काळा डबा आता निरुपयोगी; पण तो बहुतेकांनी जागेवरच ठेवला आणि त्याच्या आत तारा एकमेकींना जोडून वरून झाकण लावले. बॉनेट उघडले तर बाहेरून सगळे कंपनीचे. हा डबा मला फार आवडतो.

या कामाला दुसरा जोर आला तो गॅसमुळे. मुंबईच्या हवेबद्दल 1999 मध्ये उच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेत जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश निघाले. महानगर गॅस कंपनी 1995 पासून होतीच; पुढच्या काही वर्षांत काळ्या-पिवळ्या फियाटी रांगेने सीएनजीवर गेल्या. गॅसच्या किटमध्ये विजेवर उघडणारे झडप असते. बॅटरी पडली की झडप उघडत नाही, आणि ठिणगीही गॅसला जरा तगडी लागते. पंपावरच्या रांगांत तासन्‌तास इंच-इंच सरकणारी गाडी म्हणजे डायनॅमोला शिक्षाच. ज्यांनी तोवर टाळले होते, त्यांनीही अल्टरनेटर बसवून घेतला. न्यायालयाच्या आदेशात हवा होती, इंधन होते, गाडीचे वय होते. पट्टी आणि नळी त्यात असण्याचे कारणच नव्हते. पण आदेश अमलात आला तो त्यांच्या आधाराने.

एक कसब मात्र यात गेले. आर्मेचर भरून देणारे, कम्युटेटर लेथवर घासून मधल्या अभ्रकाच्या रेघा करवतीच्या पात्याने खोल करणारे कारागीर. त्यांना कुणी काढले नाही, फक्त त्यांच्याकडे काम येईनासे झाले.

कुर्ल्याचा कारखाना या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीसह थांबला. आज तिथे निवासी संकुले आहेत. प्रीमियर रोड हे नाव तेवढे राहिले आहे. टॅक्सीची वयोमर्यादा 2013 मध्ये वीस वर्षांवर आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती, तिची वीस वर्षे भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे ही टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिले. एक तरी गाडी सरकारने जपून ठेवावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली.

मागणी योग्यच आहे. माझी शंका पुढची आहे. गाडी जपायची म्हणजे काय जपायचे? खासगी फियाटींचे शौकीन आज उपनगरांत पुष्कळ आहेत आणि ते हौसेने, पदरचे पैसे घालून गाड्या पूर्ववत करतात. त्यांच्या जगात 'ओरिजिनल' हा शब्द सर्वांत वजनदार. म्हणून ते अल्टरनेटर काढतात, कुठून तरी डायनॅमो मिळवतात, कटाऊटचा डबा पुन्हा जिवंत करतात. गाडी कारखान्यातून निघाली तशी होते आणि प्रदर्शनात वाहवा मिळते. मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण टॅक्सी कारखान्यातून निघाली तशी मुंबईत फार काळ कधी राहिलीच नाही. ती जगली ती डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, पेट्रोलच्या जागी गॅस आणि कंपनीच्या पट्टीच्या जागी मिस्त्रींची पट्टी लावून. जपलेल्या टॅक्सीवरून ती पट्टी उतरवली, तर उरते ती 1954 सालच्या तुरीनची आठवण, 1994 सालच्या घाटकोपरची नव्हे. आरसी बुक तर आधीच गप्प आहे.

मागच्या वर्षी कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे लोखंडाच्या ढिगात मला अशी एक पट्टी सापडली. त्याने ती तराजूत टाकली, हसला आणि चहाचे पैसे द्या म्हणाला. पट्टी सध्या माझ्या टेबलावर आहे. एका टोकाला तीन भोके आहेत. पहिले चुकलेले, दुसरे जरा जवळ, तिसरे बोल्टने झिजून गुळगुळीत झालेले. खाच हाताने कानसलेली, एका बाजूला किंचित लहरी. पाठीवर खडूने नव्हे, टोच्याने कोरलेले चार आकडे आहेत, बहुधा टॅक्सीच्या नंबराचे. त्यातला शेवटचा आकडा 1 आहे की 7, हे मला अजून लागलेले नाही.